बुटाला आलेलं टेंगूळ

आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत राहणारे धुडकू नाना माणसाच्या तोंडाकडे सर्वांत शेवटी बघतात. आधी पाय, मग चप्पल, मग पुन्हा पाय. तुम्ही घाईत असा, तापाने फणफणत असा, नाहीतर नवा शर्ट घालून मिरवत असा, नानांची नजर तुमच्या टाचेवर. नमस्काराच्या जागी त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असतो. "लागस का?" म्हणजे बूट चावतो का, चप्पल टोचते का, कुठे दुखतंय का. नाना मूळचे धुळे जिल्ह्यातले, साक्रीकडचे. उभी नोकरी जळगावात पाइपाच्या कारखान्यात काढली, पण अहिराणी सोडली नाही. शुद्ध मराठीत माणसं जास्त खोटं बोलतात, असं त्यांचं मत आहे.

बारा वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून कपाट उतरत होतं. एक उंच, काळासावळा गृहस्थ बनियनवर समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, कपाटाला हात लावायला आला. त्याने माझ्या बुटांकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "सर, डावा बूट तुमना नई."

"माझाच आहे. बिल दाखवू का?"

"बिल तुमनं व्हई. बूट नई."

मी हायस्कुलात गणित शिकवतो. काळे चामडी बूट, करकरीत पॉलिश, आणि संध्याकाळी पायाला पडलेले वळ, हे सगळं मी नोकरीचा भागच समजत आलो. डावा बूट मला पहिल्या दिवसापासून चावत होता, हे खरं. पण ते एका परक्या माणसाने कपाटाच्या आडून ओळखावं, याचा मला भयंकर राग आला. तेव्हापासून नाना आणि माझं जे भांडण सुरू झालं, ते गेल्या डिसेंबरपर्यंत चाललं.

नानांचा सिद्धान्त अगदी छोटा आहे. "पाय चुकत नई, बूट चुकस." त्यासाठी ते कुणाशीही भिडतात. बाजारातल्या एका चपलांच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर एकदाच गेलो. दुकानदार एका बाईला सांगत होता की वापरली की सैल होईल. नाना मागून म्हणाले, "चप्पल सैल व्हई का पाय मरी, ते आधी सांग." बाई चप्पल टाकून निघून गेली. त्या दुकानदाराला आता नाना कोपऱ्यावर दिसले तरी तो आतल्या खोलीत जेवायला जातो.

लग्नात तर विचारू नका. आमच्याच कॉलनीतल्या एका मुलाचं लग्न होतं असोद्याला. नवरदेव मांडवात येत असताना जरासा पाय उडवत चालतो आहे, हे नानांनी हेरलं. झालं. वरातीपुढे आडवे उभे. बँड बंद, नवरीकडचे लोक कावरेबावरे, मामा फेटा सावरत धावत आलेले. नानांनी नवरदेवाला खुर्चीवर बसवलं, त्याची मोजडी काढली, खिशातून चमच्यासारखं लाकूड काढून आत घालून पिळलं, आणि मगच त्याला पुढे सोडलं. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी ओरडत होते. नाना म्हणाले, "बठ्ठा जलम चालनं शे त्याले. पाच मिनिट थांबा."

देवळात त्यांना दोनदा चप्पलचोर म्हणून धरलं आहे. कारण त्यांना एक सवय आहे. बाहेर काढून ठेवलेल्या चपला उचलायच्या, उलट्या करून टाच कुठे झिजली ते बघायचं, आणि मग आत हात घालून बोटांनी तळ चाचपायचा. पार अंगठ्याच्या टोकापर्यंत. ही सवय मला विचित्र वाटायची. चप्पल बाहेरून बघितली तर कळत नाही का? पण नाना हात घातल्याशिवाय चपलेवर विश्वास ठेवत नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी पुढच्या खोलीतला सोफा विकला आणि तिथे कामाचं टेबल मांडलं. गरम हवा फेकणारी गन, कानस, लाकडाचे पाय, गाडीचा एक जुना जॅक, रबरी चटयांचे तुकडे. त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणतो, पाहुण्यांना आतल्या खाटेवर बसवतात. जिजींचा स्वभाव हसरा. पायात कायम नानांनी शिवलेले बंद, तपकिरी, बेढब जोडे. घरातसुद्धा. मला वाटायचं, बिचाऱ्या बाईला नवऱ्याच्या खुळापायी हे घालावं लागतं.

आता माझ्या मुलीकडे येतो. पल्लवी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटतं, त्या जळगावात ती जन्मली. बर्फ आम्ही उसाच्या रसात पाहतो. तिला एनसीसीत असताना कुणीतरी स्कीइंगचा व्हिडिओ दाखवला आणि पोरीने तेच डोक्यात घेतलं. मी आधी नाही म्हटलं, मग ओरडलो, मग फी भरली. बापाचा हा क्रम सगळ्या घरांत सारखाच असतो.

गेल्या वर्षी ती काश्मीरला पहिला कोर्स करून आली. भाड्याच्या बुटांनी तिचे पाय सोलून काढले होते. चौथ्या दिवशी तिने रडत फोन केला, तेव्हा मी म्हणालो, "थोडं सहन कर. सवय होईल." तिने केलं सहन. शेवटच्या परीक्षेत उतारावर वळताना तिला पाय रोवताच येईना, ती पडली आणि नापास झाली. तिथल्या शिक्षकाने सांगितलं की तुझा पाय पुढून फार रुंद आहे, हा खेळ तुझ्यासाठी नाही. एकदा पुन्हा परीक्षा देता येणार होती, या जानेवारीत. तेवढ्यासाठी तिने पुण्याच्या एका मैत्रिणीकडून तिचे वापरलेले बूट मागवले. ते डिसेंबरात आले. तिने घातले, बकलं आवळली आणि भिंतीला धरून उभी राहिली. चेहरा पांढरा. मला म्हणाली, "बाबा, या वेळी नाही जमलं तर सोडून देईन."

असा बूट तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. बाहेरून जाड प्लास्टिकचं कवच, पोटरीपर्यंत, त्यावर चार लोखंडी बकलं. आत मऊ जोडा, तो काढता येतो. वजन असं की पाटावर पडला तर पाट फुटावा. चालताना घोटा वाकत नाही, त्यामुळे माणूस ठक ठक करत यंत्रासारखा चालतो. पल्लवी तो घालून गल्लीत चालून बघत होती, तेव्हा एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून हळहळून विचारलं, "दोन्ही पाय कसे मोडले, ताई?"

त्या ठक ठक आवाजाने नाना बाहेर आले. नानांचं आयुष्य दोन भागांत करायचं झालं तर हा बूट दिसण्याआधीचं आणि नंतरचं, असं करावं लागेल. ते खाली बसले. कवचावर नख मारलं, वास घेतला, बकल उघडून लावलं. मग वर पाहिलं.

"लागस का?"

"हो," पल्लवी म्हणाली आणि तिचा बांध फुटला. रुंद पायाचं, शिक्षकाचं, नापास झाल्याचं, सगळं तिने नानांना सांगितलं. मला तिने यातलं निम्मंसुद्धा सांगितलं नव्हतं.

नाना उठले ते चिडूनच. "पाय रुंद शे? तिना पाय बरोबर शे. बठ्ठा बर्फना बूट मोडी टाकसू, पन पायले नाव ठेवू देवाव नई." आणि बूट काखेत मारून घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मी विरोध केला. पैसे घालून आणलेली वस्तू, तीही परदेशी, आणि हे तिला गन लावणार. नाना म्हणाले, "सर, जलमभर पाइपना तोंड फुगाडात मी. प्लास्टिक माले काय शिकाडी?" कारखान्यात पाइपाचं टोक गरम करून दुसरा पाइप आत बसेल इतकं रुंद करायचं, हे त्यांचं काम. मला तरी त्यात आणि बुटात काही साम्य दिसत नव्हतं. नानांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

आधी त्यांनी पल्लवीच्या आईने आणलेले लोकरीचे दोन-दोन मोजे काढायला लावले. "एक. तोबी पातळ." मग आतला मऊ जोडा काढून रिकाम्या कवचात तिचा पाय ठेवला, बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागे स्वतःची दोन बोटं घालून बघितली. लांबी ठीक होती. रुंदीच कमी. मग जिजींना हाक मारून कुंकू मागितलं. पाण्यात कालवलेलं कुंकू पल्लवीच्या करंगळीखालच्या हाडावर लावलं, तिला कवचात जोरात पाय दाबायला सांगितला. पाय बाहेर आला तेव्हा आत लाल ठिपका उमटला होता. बूट नेमका तिथेच चुकला होता.

त्या ठिपक्याच्या जागी बाहेरून गरम हवा, आतून लाकडाचा गोळा आणि जॅक. नाना हळूहळू जॅक फिरवत होते आणि कवचावर हाताची पाठ फिरवत होते. कवच फुगलं. मग त्यावर ओलं फडकं गुंडाळून ते निवेपर्यंत तसंच ताणून ठेवलं. फडकं काढलं तर त्या देखण्या बुटाच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा.

"बूट वाया घालवला," मी म्हणालो.

"बूटले टेंगूळ उनं तरी चाली," नाना म्हणाले. "पायले नको."

पल्लवीने बूट घातला. नाना गुडघे टेकून समोर. "लागस का?"

पल्लवी म्हणाली, "ठीक आहे नाना. चालेल."

"चाली म्हनू नको. लागस का नई लागस?"

"थोडं लागतंय. पण तेवढं सहन होईल."

नानांनी बूट काढून घेतला आणि गनचा प्लग उपसला. दोन दिवस त्यांनी बुटाला हात लावला नाही. पल्लवी दोनदा जाऊन आली, त्यांनी तिला जिजींच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली, पण बुटाचा विषय काढला की ताटात आणखी भरीत वाढायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात आले आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही पोरले खोटं बोलाले शिकाडं." आणि आल्या पावली परत गेले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सहन करणं म्हणजे खोटं बोलणं? मी तीस वर्षं उभ्याने गणित शिकवलं ते सहन करूनच ना? पोरीला जायला आठवडा राहिलेला, बूट अर्धवट सोडलेला, आणि वर हे मला ऐकवणार. ऊन उतरायच्या आत मी त्यांच्याकडे भांडायला निघालो. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं, म्हणून तसाच मागच्या अंगणात गेलो.

जिजी खुर्चीवर बसल्या होत्या. नाना खाली पाटावर, जिजींचा उजवा पाय त्यांच्या मांडीवर. हातात छोटा आरसा. ते आरसा तळव्याखाली धरून उन्हाच्या उजेडात इंच इंच बघत होते. जिजींच्या उजव्या पायाला दोन बोटं नव्हती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बारा वर्षं मी शेजारी राहतो. मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी खाली पाहिलंच नव्हतं.

जिजींनीच मला बसायला सांगितलं. "साखर शे ना माले," त्या हसत म्हणाल्या. "पाय बहिरा व्हई गयात. खिळा घुसना तरी समजत नई. म्हनीसन हाऊ रोज देखस."

नाना आरशातून नजर न काढता बोलायला लागले. आम्ही इथे येण्याआधीची गोष्ट. जिजींसाठी नव्या चपला त्यांनीच आणल्या होत्या, बाजारातून, हौसेने. जिजी पहिल्या दिवशी म्हणाली, अंगठ्याजवळ घट्ट होते. "मी सांगं, सवय व्हई जाई. आठ दिनमा तिनं सांगनं बंद व्हयनं. माले वाटनं, सवय व्हयनी."

सवय झाली नव्हती. पायातली जाण गेली होती, आणि चप्पल रोज आत चावत होती. कळलं तेव्हा दोन बोटं काढावी लागली. नानांनी जिजींचा पाय खाली ठेवला, तपकिरी जोडा उचलला, आत हात घातला, पार टोकापर्यंत तळ चाचपला, आणि मग तो तिच्या पायात चढवला.

"ज्या पायले लागस तो पाय जित्ता शे, सर," ते म्हणाले. "पोरले सांगा, त्यानी लाज धरू नको."

मला लाज वाटली. स्वतःचीच. घरी येऊन मी पल्लवीला समोर बसवलं आणि म्हणालो, "गेल्या वर्षी फोनवर मी तुला चुकीचं सांगितलं. नानांना सगळं सांग. जे लागतं ते सगळं." मुलीसमोर चूक कबूल करायची मला सवय नाही, म्हणून हे वाक्य मी शेवटी जरा दरडावूनच म्हटलं.

सकाळी ती सात जागा सांगून आली. नाना खुलले. सात म्हटल्यावर त्यांनी हातच चोळले. टाच वर उचलते, घोट्याच्या आत टोचतं, नडगीवर कडा रुततात, असं एकेक ती सांगत गेली आणि ते एकेक करत गेले. घोट्याच्या दोन्ही बाजूंनी रबरी चटईचे तुकडे कापून आत चिकटवले, म्हणजे टाच हलू नये. कडा कानशीने घासल्या. बकल आधी खालचं नाही, वरचं लावायचं, टाच मागे आपटून, हे त्यांनी बर्फ न पाहता शोधून काढलं.

मग त्यांना शंका आली की थंडीत प्लास्टिक आकसतं. जळगावात थंडी कुठून आणायची? नानांच्या कारखान्यातला जुना सोबती, सुरेशभाऊ, याचं फैजपूरला केळीचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे गेलो. नानांनी त्याला थंडी आणखी वाढवायला सांगितलं.

"नाना, याच्या खाली गेलो तर केळी काळी पडतील," सुरेशभाऊ म्हणाला.

"केयं काळं पडी ते चाली. पोरना पाय काळा पडाले नको."

शेवटी थंडी तीच राहिली आणि सुरेशभाऊने बर्फाच्या दोन लाद्या मागवून दिल्या. घमेल्यात बर्फ, बर्फात बूट, बुटात पल्लवी, भोवती केळीची क्रेट. असा अडीच तास तो प्रयोग चालला. नाना शाल पांघरून पाचपाच मिनिटांनी विचारत होते. एका ठिकाणी लागत होतं. तिने सांगितलं. परत आल्यावर तेही गेलं.

पल्लवी गेली. परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मी नानांकडेच जाऊन बसलो होतो, अनवाणी. माझा डावा बूट त्यांच्या टेबलावर जॅकमध्ये होता. त्याबद्दल मी इथे अधिक काही लिहिणार नाही. जिजी खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. फोन वाजला. मी स्पीकर लावला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी फोन ओढून घेतला.

"लागस का?"

"नाना, मी पास झाले."

"पास व्हयनी ते ऱ्हाऊ दे. लागस का?"

मग ती म्हणाली, "हो. उजव्या घोट्याच्या आत. दुपारनंतर लागायला लागलं. पण मी दुसरं बकल एक खाच सैल केलं, मग उतरले."

नानांचे डोळे भरून आले. आनंद कशाचा, पास झाल्याचा की लागल्याचं सांगितल्याचा, मला कळलं नाही. त्यांनी तिला जागा नीट विचारून घेतली, वर की खाली, दुखतं की घासतं, आणि कागदावर लिहून घेतलं. फोन माझ्याकडे आला तोवर माझ्यासाठी बोलायला काही उरलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर जिजी शेंगा बाजूला सारून म्हणाल्या, "बठ्ठ्या गावले इचारस. माले बी इचार ना एकदा."

बारा वर्षांत मी नानांना हा प्रश्न जिजींना विचारताना ऐकलं नव्हतं. तो का नाही, ते मला आता माहीत होतं. नाना उठून जिजींच्या पायाशी पाटावर बसले.

"लागस का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हा," जिजी म्हणाल्या. "जरासं लागस. आठे, अंगठाजवळ."

उजवा पाय पुढे केला होता त्यांनी. त्या पायाला अंगठा नव्हता. खोटं होतं ते, आणि आम्हा तिघांनाही माहीत होतं. खोटं बोललं म्हणून माझ्या मुलीचं काम दोन दिवस बंद ठेवणाऱ्या त्या माणसाने मान डोलावली, जोडा काढला, आत हात घालून नेमक्या त्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आठे?"

"हा, आठेच."

"बरं," नाना म्हणाले, आणि जोड्याचा पट्टा एक भोक सैल केला.